सी १० एमसीबी (करंट वाढला की आपोआप उडणारा स्विच), इंदूरच्या महाराणी रोडवरून घेतलेले: एक स्टारचे चार करतोय

आधी इथे एक स्टार देऊन "भंगार माल, घेऊ नका" असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. दोष एमसीबीचा नव्हता, आमच्या निवडीचा होता, म्हणून आता कंपनीचं नावपण लिहीत नाही.

झालं असं की इंदुरात आमच्या समाजाचा हॉल आहे, छताला ३६ वॅटच्या दोन-दोन ट्यूबवाल्या पट्ट्या, इलेक्ट्रॉनिक चोकवाल्या, एका सर्किटवर २२. एका पट्टीचे ७२ वॅट धरले तर सगळ्या मिळून सातेक अँपिअर, म्हणून १० अँपिअरचा एमसीबी लावला, तीन अँपिअर वर शिल्लक, अजून काय पाहिजे! तर तो रोज नाही पण चार-पाच वेळा चालू केलं की एकदा फट्कन उडायचा. सगळ्यात जास्त त्रास लाइट जाऊन जनरेटरवर आलो की. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाइट गेली, जनरेटर चालू झाला, पंखे फिरले, माइक आला, ट्यूबा मात्र बंद. भटजी थांबले नाहीत, पण वरमाय आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ते अजून आठवतं.

वायरमननं क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला, ६.८ अँपिअर दाखवतोय, म्हणजे ओव्हरलोड नाहीच. मग म्हणाला २० चा टाकून देतो, प्रॉब्लेम खतम. बरं झालं टाकू दिला नाही, कारण आतली वायर दीड एमेमची, पाइपात बाकी वायरींबरोबर कोंबलेली, आणि एमसीबी मुळात वायर वाचवायला असतो, २० चा लावला तर आधी वायर तापणार आणि हा आरामात बसून राहणार.

शेवटी उडणारा पीस खिशात घालून महाराणी रोडवर गेलो. दुकानातल्या काकांनी हातात घेतला, पुढचं बी १०, म्हणजे बी प्रकारचा १० अँपिअरचा, वाचलं आणि एवढंच म्हणाले, "भिया, लोड मत देखो, चालू होने का झटका देखो." इलेक्ट्रॉनिक चोकच्या आत कपॅसिटर असतो, तो रिकामा असतो तेव्हा चालू केल्याक्षणी एकदम करंट ओढतो, एकेक चोक वीस-पंचवीस अँपिअरपर्यंत, फक्त मिलीसेकंदाच्या काही भागापुरता. वायरचा रेझिस्टन्स थोडा अडवतो पण २२ पट्ट्या एकदम आल्या की काय होणार. कर्व्ह म्हणजे किती पट झटक्याला लगेच उडायचं त्याचा प्रकार: बी कर्व्हचा एमसीबी ३ ते ५ पट करंटला लगेच उडतो, म्हणजे १० वाला ३० ते ५० मध्येच, सी वाला ५ ते १० पटीला. क्लॅम्प मीटरला हा झटका दिसतच नाही. आणि कधी उडतो कधी नाही याचंपण कारण मिळालं: बटण दाबलं तेव्हा व्होल्टेज लाटेच्या टोकावर असेल, म्हणजे ३२५ च्या आसपास, तर झटका जबर, शून्याजवळ असेल तर काहीच नाही. आम्ही उगाच नव्या पीसला शिव्या घालत होतो.

मी म्हटलं मग सरळ डी कर्व्हचा द्या, तो तर १० ते २० पट सोसतो. काका नाही म्हणाले, आणि इथेच मला दुकान आवडलं, महाग पीस विकायची संधी सोडली त्यांनी. १० अँपिअरचा डी लगेच उडायची खात्री हवी तर शॉर्टमध्ये २०० अँपिअर वाहायला पाहिजेत, म्हणजे करंटच्या सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स (२३० भागिले २००) १.१५ ओहमच्या आत, आमच्या गॅलरीच्या शेवटच्या पट्टीपर्यंत तेवढा भरवसा नाही. सी ला २.३ पर्यंत चालतं.

तर सी १० घेतले आणि २२ च्या ११-११ करून दोन सर्किटं केली, वेगवेगळ्या फेजवर. चोकच्या कागदावर एका एमसीबीवर किती पीस चालतात तो तक्ता असतो, तो बघा, सी वर साधारण बी च्या दीड-पावणेदोन पट बसतात. कॉपर चोकवाली जुनी ट्यूब असेल तर हिशोबच वेगळा, तिला बाहेरून वेगळा कपॅसिटर लावलेला नसेल तर ३६ ची ट्यूब ०.४३ अँपिअर घेते, वॅट भागिले २३० केलं तर ०.१६ येतं आणि माणूस फसतो. आणि एलईडी लावले म्हणून सुटलात असं नाही, त्याच्या ड्रायव्हरमध्येपण कपॅसिटरच आहे.

घेताना पुढे सी १० छापलंय का बघा, चौकटीत १०००० म्हणजे १० केए, शॉर्टचा दहा हजार अँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकतो, आणि आयएसआयचा मार्क. सगळ्या पट्ट्या एकाच ३० एमएच्या (मिलीअँपिअरच्या) आरसीसीबीवर, म्हणजे करंट लीक झाला की पडणाऱ्या स्विचवर, टाकू नका, प्रत्येक चोक थोडं थोडं लीक करतो आणि आरसीसीबी १५ एमएच्या पुढे कधीही पडू शकतो.

एक स्टार का कापला? आमचा शिपाई रोज एमसीबीच खाली-वर करून ट्यूबा लावतो, तो त्यासाठी नसतो, काँटॅक्ट झिजतात, हे दुकानात सांगायला हवं होतं. शिवाय बिल मागितल्यावरच मिळालं, आणि पार्किंगचं तर नावच काढू नका.

पावसाळाभर एकदाही उडाला नाही. जुने बी १० चे चार पीस पडून आहेत, चांगले आहेत, काकांनी परत घेतले नाहीत. रामबागेच्या बाजूला कुणाला घरच्या दोन-चार दिव्यांच्या सर्किटसाठी हवे असतील तर सांगा, चहावर देऊन टाकतो.