मधेच बंद पडणारा हातातला गेम कन्सोल : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

हा कन्सोल मी आठ महिने जवळजवळ रोज वापरला आहे. त्याचा सात इंची पडदा, बटणे आणि आवाज या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्यांवर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही. लिहायला हवे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. दुसऱ्या महिन्यापासून हे यंत्र खेळता खेळता बंद पडू लागले आणि पडद्यावर कारण म्हणून 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' याहून अधिक एक अक्षरही कधी आले नाही. सर्व्हिस सेंटरमधून आधी फॅक्टरी रीसेट करण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला, ज्या दोन गेमना क्लाउड सेव्हची, म्हणजे प्रगती इंटरनेटवर साठवण्याची, सोय नव्हती त्यांची सगळी प्रगती त्यात पुसली गेली आणि तिसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा बंद पडले.

त्यानंतर मी एक वही घेतली आणि प्रत्येक वेळी नेमके काय झाले ते लिहून ठेवायला सुरुवात केली. कोणता गेम, तो कुठे साठवलेला, बॅटरी किती टक्के, चार्जर लावलेला की नाही, आणि शेवटच्या क्षणी पडद्यावर काय दिसले, एवढेच. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि ज्याला मी एकच बिघाड समजत होतो ते प्रत्यक्षात तीन वेगवेगळे बिघाड आहेत हे स्पष्ट झाले. कधी फक्त गेम बंद होऊन मुख्य पडदा समोर येई. कधी चित्र गोठे आणि तलवारीचा एकच खणखणाट अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजत राही. आणि कधी कोणतीही पूर्वसूचना न देता पडदा काळा होऊन यंत्रच बंद होई.

पहिल्या प्रकाराचा उलगडा लवकर झाला. या यंत्रात १६ जीबी मेमरी आहे, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही तिच्यातूनच वाटा घेतात, त्यामुळे मोठ्या गेममध्ये टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, दर्जा सर्वोच्च ठेवला की मेमरी संपते आणि यंत्रणा सर्वांत जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम, म्हणजे गेमच, बंद करते. टेक्स्चर मध्यम केल्यावर हा प्रकार थांबला. सात इंची पडद्यावर मला तरी फरक जाणवला नाही.

दुसऱ्या प्रकाराने मात्र खरा घाम काढला. बहुतेकांप्रमाणे माझाही पहिला संशय उष्णतेवर होता. मागच्या जाळीत अडकलेला राखाडी धुळीचा पापुद्रा मी मऊ ब्रशने काढला, तापमान नोंदवले, पण काही फरक पडला नाही. तसा तो पडायलाही नको होता, कारण चिप तापली की यंत्र आधी तिचा वेग कमी करते, म्हणजे गेम संथ होतो. थंड असताना पाचव्या मिनिटाला गोठणाऱ्या यंत्राचा दोष उष्णतेकडे जात नाही. उत्तर वहीतच होते. गोठलेले सर्व गेम मेमरी कार्डावर होते आणि यंत्राच्या आतल्या कायमच्या साठवणीवरचा, म्हणजे एसएसडीवरचा, एकही गेम कधी गोठला नव्हता.

इथे या कन्सोलची मनापासून स्तुती केली पाहिजे. त्याची यंत्रणा लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालते, तिच्यात साध्या संगणकासारखा डेस्कटॉप मोड आहे आणि तिथे टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करण्याची खिडकी, उघडून मागच्या वेळी यंत्र चालू असतानाच्या नोंदी वाचता येतात. 'जर्नलसीटीएल' या आदेशाला 'उणे बी उणे १' असे जोडले (journalctl -b -1) की त्या नोंदी समोर येतात. यंत्र गोठले त्या मिनिटाच्या नोंदीत कार्डाच्या नावापुढे 'आय/ओ एरर', म्हणजे वाचन-लेखनात चूक, ही ओळ सलग तीस-चाळीस वेळा लिहिलेली होती. इतके दिवस पडद्याने दडवलेले कारण यंत्राला पहिल्यापासून ठाऊक होते, याचा मला आनंदही झाला आणि रागही आला.

कार्डावर ५१२ जीबी छापलेले होते आणि यंत्रही सुमारे ४७६ दाखवत होते, जे योग्यच आहे, कारण छापील आकडा दशमान पद्धतीचा, म्हणजे हजाराच्या पटीतला असतो आणि यंत्र १,०२४ च्या पटीत मोजते. पण छापलेली क्षमता आणि खरी क्षमता एकच असेल याची खात्री कार्ड पूर्ण भरून ते परत वाचल्याशिवाय होत नाही. लिनक्सवर 'एफ३' आणि विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' ही मोफत साधने नेमके हेच करतात. माझ्या कार्डाची तपासणी रात्रभर चालली आणि सकाळी निकाल असा होता, की पहिले ५९ जीबी शाबूत आणि त्यापुढचे सर्व लेखन हरवलेले. कार्ड बनावट होते. कार्डाचा कारभार पाहणाऱ्या आतल्या चिपला, म्हणजे कंट्रोलरला, मोठा आकडा सांगायला शिकवलेले होते एवढेच. लहान गेम पहिल्या भागात मावत असल्यामुळे ते नीट चालत आणि मला कार्डाचा संशय येत नसे.

नवे कार्ड घेताना मी ए२ आणि व्ही३० या खुणा पाहिल्या. व्ही३० म्हणजे सलग लेखनाचा किमान वेग सेकंदाला ३० एमबी. ए२ म्हणजे विखुरलेल्या छोट्या वाचनांची सेकंदाला किमान ४,००० ची क्षमता, जी ए१ मध्ये १,५०० असते. गेम सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात, म्हणून मला ए२ ही खूण जास्त महत्त्वाची वाटते. मात्र तिचा पूर्ण लाभ यंत्राचा कार्ड-रीडर ती पद्धत वापरत असेल तरच मिळतो. नवे कार्डही वापरण्यापूर्वी मी तसेच रात्रभर तपासले. त्यानंतर एकदाही चित्र गोठलेले नाही.

तिसऱ्या प्रकारात चूक माझी होती, पण यंत्राचीही होती. मी फोनचा १८ वॉटचा चार्जर लावून खेळत असे, तर या कन्सोलला ४५ वॉट, म्हणजे १५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. जड गेममध्ये खर्च आवकीपेक्षा जास्त होतो, चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते, आणि लिथियम-आयन बॅटरी जवळजवळ रिकामी असताना एकाएकी मोठा भार आला की तिचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो. वहीतले असे चारही प्रसंग बॅटरी १२ टक्क्यांच्या खाली असतानाचे होते. योग्य चार्जर लावताच हा त्रास संपला. पण चार्जर अपुरा असताना यंत्र तेच विजेचे चिन्ह दाखवते, इशारा देत नाही, ही उणीव मला गंभीर वाटते, कारण एका ओळीची सूचना पुरेशी होती.

म्हणून यंत्र म्हणून मी या कन्सोलला पाचपैकी चार गुण देईन आणि बिघाड समजावून सांगण्यासाठी दोनच. टर्मिनलची सवय नसलेल्या माणसाने हे सगळे शोधावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि नोंदीत स्पष्ट असलेले कारण पडद्यावर साध्या शब्दांत दाखवणे निर्मात्यांना अवघड नाही. एक प्रकार अजून शिल्लक आहे : गेम चालू ठेवून यंत्र रात्रभर झोपवले, तर सकाळी क्वचित ते उठत नाही आणि पॉवर बटण दहा-बारा सेकंद दाबून धरावे लागते. तेवढ्यासाठी मी रात्री गेम सेव्ह करून पूर्ण बंद करतो, आणि वही अजून कन्सोलच्या पिशवीतच आहे.