पैसे गेले, पंखा जिथल्या तिथे

लॅपटॉपचा पंखा हवा तसा फिरवून देतो म्हणणारं एक सॉफ्टवेअर मी पैसे भरून घेतलं आणि पुरता गंडवला गेलो. नाव सांगून उपयोग नाही, असली मंडळी नाव बदलून परत येतात. लक्षणं सांगतो.

फुकटच्या ‘तपासणी’त प्रोसेसर ९४ अंशांवर, लाल अक्षरांत. पैसे भरून ‘थंड करा’ दाबलं, की लगेच ६१. काम थांबलं तर प्रोसेसर झपकन निवतो, हे खरं; पण माझा व्हिडिओ रेंडर तर चालूच होता! मग स्लायडर शून्यावर नेला. पंख्याचा वेग त्याच क्षणी ०. खरं पातं असं थबकत नाही, वेग उतरायला वेळ लागतो. जाळीपाशी कागदाची पट्टी धरली, ती फडफडतच होती. खऱ्या सॉफ्टवेअरचीही शून्याची आज्ञा मशीन गरम असताना धुडकावली जाऊ शकते, पण मग आकडा तरी खरा दिसतो. इथे आकडे निव्वळ रंगवलेले होते.

लॅपटॉपचा पंखा बहुतेक वेळा विंडोज किंवा लिनक्सच्या थेट ताब्यात नसतो. मदरबोर्डवरची एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप तापमान बघून तो फिरवते. बाहेरच्या सॉफ्टवेअरला त्या चिपशी बोलायची रीत ठाऊक लागते, आणि ती मॉडेलगणिक वेगळी. म्हणून एनबीएफसी (नोटबुक फॅनकंट्रोल) सारखी साधनं आधी तुमच्या मॉडेलची कॉन्फिग फाइल, म्हणजे त्या मॉडेलच्या सेटिंग्जची फाइल, मागतात. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपवर लिनक्समध्ये थिंकपॅड-एसीपीआय ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘फॅन कंट्रोल’ मुद्दाम चालू करावं लागतं. मग ० ते ७ पातळ्या किंवा ‘ऑटो’ मिळतं. ‘कुठल्याही लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये’ दिसलं की तिथूनच मागे फिरा.

अ‍ॅडमिन परवानगी मागितली म्हणून मात्र लगेच चोर ठरवू नका. हार्डवेअरपर्यंत पोचायला ती प्रामाणिक साधनांनाही लागते. त्यांतली कित्येक वापरत आलेल्या विनरिंगझिरो ड्रायव्हरमध्येच सुरक्षेचं भोक निघालं (सुरक्षात्रुटींच्या सार्वजनिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-१४९७९), त्यामुळे अँटीव्हायरस त्यांच्यावरही ओरडतो. पण माझ्यावाल्याने अँटीव्हायरस कायमचा बंद करायला सांगितलं होतं, आणि ते काही मी केलं नाही.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये अनेक मशिनांवर ‘सिस्टिम कूलिंग पॉलिसी’ असते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठेवलं तर आधी पंखा वाढतो, ‘पॅसिव्ह’ ठेवलं तर आधी प्रोसेसर मंदावतो. प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के केली, की टर्बो (प्रोसेसरने गरजेला जास्तीचा वेग घेणं) सहसा बंद होतो आणि पंखा बराच शांत होतो. हे सगळं फुकट. त्याआधी उत्पादकाचं स्वतःचं सॉफ्टवेअर आणि बायोस (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) बघाच.

परतावा मागितला तर ‘तुमचं हार्डवेअर जुनं आहे’ असं छापील उत्तर. वर दरवर्षी आपोआप पैसे कापायची संमती खरेदीतच घुसवलेली. ती कार्डाच्या बाजूने रद्द करून घ्यावी लागली. अनइन्स्टॉल केल्यावरही टास्क शेड्युलरमध्ये त्याची एक नोंद उरली होती, तीही हातानेच काढली.