ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड की हायब्रिड? छतावर सौर संच बसवण्याआधी

छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की लगेच विचारलं जातं, ऑन-ग्रिड घेणार, ऑफ-ग्रिड की हायब्रिड? ऑन-ग्रिड म्हणजे ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला बिनबॅटरीचा संच. ऑफ-ग्रिड म्हणजे ग्रिडपासून वेगळा, बॅटरीवर चालणारा. हायब्रिडमध्ये ग्रिडही असतं आणि बॅटरीही. पॅनेल तिन्हींत तेच असतात. ऊन चांगलं असेल तर एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतात, मग संच कुठलाही असो. फरक असतो इन्व्हर्टरमध्ये (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र), बॅटरीत आणि बाहेरच्या ग्रिडशी तुमचं घर कसं वागणार यात. म्हणून आधी ग्रिडबद्दल थोडं सांगतो, कारण कोटेशनमध्ये हा भाग सहसा नसतो आणि निर्णय मात्र त्यावरच ठरतो.

ग्रिडच्या तारांमध्ये वीज साठून राहत नाही. देशभरात या क्षणी जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा मेळ बसतोय की नाही ते वारंवारितेवरून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा हेलकावतो त्यावरून, कळतं. बहुतेक देशांत ती ५० हर्ट्झ असते, अमेरिकेत ६०. निर्मिती कमी पडली की वारंवारिता घसरते, जास्त झाली की चढते. औष्णिक केंद्रातलं अवजड जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेत असतं. दुसरं एखादं केंद्र अचानक बंद पडलं, तर पहिले काही सेकंद अशा जनित्रांच्या फिरण्यातलीच ऊर्जा ग्रिडला सावरून धरते. पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. घरगुती ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडची लय ओळखतो आणि तिच्याशी ताल जुळवून वीज सोडतो. ती लय स्वतः निर्माण करणं त्याला जमत नाही.

ऑन-ग्रिडबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथूनच सुरू होतो. ग्रिडची वीज गेली की ऑन-ग्रिड संचही बंद होतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. हा बिघाड नाही. लाइनमन खांबावर चढून दुरुस्ती करत असेल आणि तुमच्या छतावरून त्या तारेत वीज येत राहिली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेल्यावर जास्तीत जास्त २ सेकंदांत इन्व्हर्टरने वीज सोडणं थांबवावं, असं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १५४७ हे मानक सांगतं. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिको या कॅरिबियन बेटाचं ग्रिड कोसळलं आणि शेवटच्या घरांपर्यंत वीज परत यायला जवळजवळ ११ महिने लागले. त्या काळात बॅटरी नसलेल्या ऑन-ग्रिड घरांना डोक्यावरच्या पॅनेलचा काहीही उपयोग नव्हता. पुढे तिथे पॅनेलसोबत बॅटरी घेणाऱ्यांची रीघ लागली.

दुसरी गोष्ट नेट मीटरिंगची, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा करण्याच्या सोयीची. ‘दुपारचे युनिट ग्रिडमध्ये जमा करायचे आणि रात्री काढायचे’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात तुमची दुपारची वीज शेजारच्या घरातच वापरली जाते आणि कुठल्यातरी केंद्राची निर्मिती तेवढी कमी केली जाते. रात्री तुमच्यासाठी दुसरं केंद्र वीज तयार करतं. ‘जमा’ होतो तो फक्त हिशेब, आणि हिशेबाचे नियम बदलतात. कॅलिफोर्नियात दुपारी सौर वीज भरमसाट आणि सूर्य मावळताच मागणीची चढण, असं होऊ लागलं. एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या युनिटचा मोबदला खूप कमी मिळू लागला. नेदरलँड्समध्ये युनिटला युनिट वजा करण्याची सोय १ जानेवारी २०२७ पासून बंद होते आहे. पॅनेल २५ वर्षं टिकतात. आजचा नियम तितकी वर्षं टिकेल असं धरून गणित मांडू नका.

हे सगळं कबूल करूनही माझं मत असं, की वीज क्वचितच जाते अशा ठिकाणी ऑन-ग्रिडच घ्यावं. भाग कमी, देखभाल कमी, आणि घरात न वापरलेलं युनिट वाया जात नाही. एक तपासणी मात्र आधी करा. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच घरं दुपारी वीज सोडू लागली की त्या घरांना वीज देणाऱ्या वाहिनीचं (फीडरचं) व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतात, नेमके उत्पादनाच्या ऐन वेळी. दोन-तीन दिवस दुपारी व्होल्टेज मोजून पाहा. ते आधीच वरच्या मर्यादेला टेकलं असेल, तर ही अडचण तुमच्याही वाट्याला येईल.

छोट्या संचांचा देशाच्या ग्रिडवर परिणाम होत नाही, असं वाटत असेल तर जर्मनीचं उदाहरण पाहा. तिथले असंख्य इन्व्हर्टर वारंवारिता ५०.२ हर्ट्झला पोहोचताच बंद व्हावेत असे बसवलेले होते. ते सगळे एकाच क्षणी बंद झाले असते तर अख्ख्या ग्रिडला हादरा बसला असता. २०१२ मध्ये नियम करून तीन लाखांहून अधिक संचांत बदल करवून घ्यावे लागले. नवे इन्व्हर्टर वारंवारिता चढेल तसं उत्पादन हळूहळू उतरवतात. जुना, वापरलेला इन्व्हर्टर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, त्याचं हे एक कारण.

आता ऑफ-ग्रिड. इथे तुमचं घर म्हणजे एक चिमुकलं ग्रिडच. लय इन्व्हर्टरने धरायची, मेळ बॅटरीने सांभाळायचा. ‘कुणावर अवलंबून नाही’ ही भावना मला समजते, पण एकदा आकडेमोड करा. घराला दिवसाला ८ युनिट लागतात आणि छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल आहेत असं धरू. उन्हाच्या दिवशी १२ युनिट मिळतात, चार उरतात. दाट ढगाच्या दिवशी जेमतेम ३ मिळतात, म्हणजे पाच कमी पडतात. असे लागोपाठ तीन दिवस आले तर बॅटरीतून १५ युनिट काढावे लागतील. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे ती ३० युनिटची घ्यावी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बरीच जास्त उतरवता येते, म्हणून ती १७-१८ युनिटची पुरेल. आणि उन्हाळ्यात हीच बॅटरी दिवस मावळायच्या बरीच आधी भरते, मग पुढचं ऊन वाया जातं, कारण वीज घ्यायला दुसरं कुणीच नाही. पंपाचा प्रश्न वेगळाच. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते, आणि ग्रिड सहज सोसतं तो झटका इथे इन्व्हर्टरला सोसावा लागतो. जिथे वीजवाहिनीच पोहोचलेली नाही तिथे ऑफ-ग्रिड घ्या. दारात वाहिनी असताना ती तोडून ऑफ-ग्रिड होण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

हायब्रिड म्हणजे दोन्हींचा मधला रस्ता असं म्हणतात, पण खर्चाच्या आणि गुंतागुंतीच्या बाबतीत तो मधला नसतो. ग्रिड असताना तो ऑन-ग्रिडसारखा वागतो. ग्रिड गेलं की बाहेरची तार तोडतो, स्वतः लय धरतो आणि ठरवून दिलेले सर्किट चालू ठेवतो. त्यातलं ‘ठरवून दिलेले’ महत्त्वाचं. दिवे, पंखे, फ्रिज, राउटर एवढंच बॅकअपवर घेतलं तर चार तास वीज गेली तरी २ युनिटच्या आत भागतं. ऑफ-ग्रिडला लागणारे १५ आणि इथले २, फरक एवढा आहे. एसी आणि गीझर त्या सर्किटवर टाकले, की बॅटरी पुन्हा ऑफ-ग्रिडच्या आकाराला जाते.

हायब्रिड बसवताना अर्थिंगचं काम नीट झालं की नाही ते स्वतः विचारा. अनेक घरांत न्यूट्रलचा जमिनीशी संबंध बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरकडून आलेला असतो. हायब्रिडने बाहेरची तार तोडली की तो संबंधही तुटू शकतो, आणि मग शॉक लागल्यावर वीज तोडणारं आरसीडी हवं तेव्हा काम करत नाही. म्हणून बॅकअपच्या वेळी न्यूट्रल आणि अर्थ आपोआप जोडणारा स्विच, म्हणजे रिले, लागतो. काही इन्व्हर्टरमध्ये तो आतच असतो, काहींत बाहेरून बसवावा लागतो.

वीज आठवड्यातून अनेकदा तासन्‌तास जात असेल, घरात ऑक्सिजन यंत्रासारखं वैद्यकीय उपकरण असेल, किंवा तुमच्याकडे ग्रिडला दिलेल्या युनिटचा मोबदला नगण्य असेल, तर हायब्रिड घ्या. मनाचा निर्णय होत नसेल तर नंतर बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर आज घ्या आणि बॅकअपच्या सर्किटची वायरिंग आत्ताच वेगळी करून ठेवा. भिंती पुन्हा फोडाव्या लागणार नाहीत.

संच ताब्यात घ्यायच्या दिवशी, बसवणारा समोर असतानाच, भर उन्हात मेन स्विच बंद करून पाहा. ऑन-ग्रिड असेल तर इन्व्हर्टरने लगेच थांबायला हवं. हायब्रिड असेल तर बॅकअपचे दिवे जेमतेम लुकलुकून चालू राहायला हवेत, आणि त्याच अवस्थेत वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते शून्याच्या जवळ आलं, तरच कागदावर सही करा.