थारला घरीच टो हिच लावला, त्याची सहा महिन्यांची कथा

मंडळी, गाडी २०२२ ची थार, डिझेल मॅन्युअल, हार्डटॉप, केए २२ पासिंग. घर बेळगावच्या अनगोळात आणि शेत जांबोटीच्या अलीकडं. पॉवर टिलर शेतावर ठेवला तर चोरीची भीती, घरी ठेवला तर न्यायचा कसा, आणि दर वेळी पिकअपवाल्याला दीड हजार मोजून मोजून वैताग आला म्हणून शेवटी एक जुना दोन चाकी छोटा ट्रेलर घेतला आणि गाडीला हिच (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी सांगाडा) लावायचं ठरवलं. ट्रेलर घेताना एक बघा, कायद्यानं ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरतात, त्याला स्वतःचा नंबर लागतो, बिनकागदाचा कितीही स्वस्तात मिळाला तरी हात लावू नका.

हिचचं किट ऑनलाइन मागवलं, साडेतेरा हजार. कंपनीचं नाव सांगत नाही, उगीच भांडण नको. लोखंड चांगलंय, पावडर कोटिंग सहा महिन्यांत कुठं उडालेलं नाही, भोकं चेसिसवर बरोबर जुळली, ड्रिल मारायची वेळ आली नाही. पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपलो तर शेजारचे काका गेटावरूनच, "काय ओ, काय करालाय सकाळ सकाळ?" म्हटलं हिच लावतोय. "म्हणजे ट्रॅक्टर करालाय की थारचा!" चार तासांत काम झालं, त्यातला एक तास काकांच्या शंकांचा.

आता तक्रारी. किटमधल्या बोल्टच्या डोक्यावर काहीच छापलेलं नव्हतं. ८.८ नाही, १०.९ नाही, कोरं कपाळ. साडेसहाशे किलो ओढायचं आणि बोल्ट कुठल्या ग्रेडचा तेच माहीत नाही? ते सगळे डब्यात टाकले आणि उद्यमबागेतून ८.८ छापाचे एम १२ बोल्ट आणि नायलॉक (सहज सैल न होणारे) नट आणले, दोनशे रुपयांच्या आत काम झालं. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) मित्राचा, ८० न्यूटन मीटरच्या आसपास आवळले, आणि शंभरेक किलोमीटर चालवून परत चेक केले तर दोन नट थोडे फिरलेच. हा दुसरा राउंड कोणी करत नाही बघा, आवळलं म्हणजे झालं म्हणतात.

पण खरी गंमत बॉलची, म्हणजे हिचच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याची. विक्रीच्या पानावर लिहिलेलं ५० एमएम. ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) पण ५० ठोकलेलं. लावायला गेलो तर कपलर बसतोय पण हँडल पूर्ण खाली जाईना, दोन बोटं वरच. बघायला जमलेल्यातला एक म्हणाला हाणा हातोडा, बसतंय. नाही हाणला. गाडी तशीच उद्यमबागेत मित्राच्या वर्कशॉपला नेली (अनगोळात राहायचा हा एक फायदा, इथं पोरगं पोहायला शिकायच्या आधी व्हर्नियर धरायला शिकतंय) आणि त्यानं बॉलला व्हर्नियर लावला तर ५०.८. म्हणजे दोन इंची बॉल, अमेरिकन मापाचा, आणि पॅकिंगवर आपला ५० छापून मोकळे. पाऊण मिलीमीटर हो, डोळ्याला कुठं दिसतंय! म्हटलं लेथवर उतरवून दे. तो म्हणाला येड्या, वरचं कोटिंग जाईल, माप पण गोल राहील की अंड्यासारखं होईल सांगता येत नाही, नवीन घे गप. घेतला नवीन ५० चा, हँडल टक्‌कन बसलं. उलटी चूक तर अजून वाईट, ५० चा बॉल आणि दोन इंची कपलर असला तर बसतंय छान, आणि एखाद्या स्पीडब्रेकरवर उडून निघतंय. तेव्हा बॉल आणि कपलर दोन्हीवरचा आकडा वाचा, आणि वाचूनही मोजाच.

वायरिंगला मी स्वतः हात लावला नाही, एका इलेक्ट्रिशियनला दिलं आणि तिथंच फसलो. "आगतैत री (होतंय हो), अर्धा तास," म्हणाला आणि खरंच अर्ध्या तासात त्यानं टेललॅम्पच्या वायरीला त्या निळ्या चिमटा क्लिपा लावून सात पिनी सॉकेट जोडून दिलं. मे महिन्यात सगळं झकास. जुलैत किणयेच्या पुढं पावसात ब्रेक दाबला की ट्रेलरचा डावा इंडिकेटर लुकलुकायचा सोडून मंद पेटून राहायला लागला, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून मारून बेजार, त्याला कळेना मी वळतोय की थांबतोय. घरी येऊन क्लिप उघडली तर आत तांब्याला हिरवा कळंक, वायरीच्या बारा तारांपैकी चार शिल्लक. आणि अर्थिंग? करंट परत न्यायची अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती, बॉल आणि कपलरच्या लोखंडातून करंट परत येतोय त्यावर भागवलेलं, आणि मी त्या बॉलला मस्त ग्रीस चोपडलेलं. ब्रेक दाबला की ब्रेकचा करंट वाट शोधत इंडिकेटरच्या बल्बमधून परत जायचा, म्हणून ते मंद पेटणं.

मग मात्र सगळं उपटून स्वतः केलं. ट्रेलर मॉड्यूल मिळतंय, ते गाडीच्या लाइटीकडून फक्त इशारा घेतं आणि ट्रेलरच्या बल्बांना करंट थेट बॅटरीवरून देतं. आजकालच्या गाड्यांत कॉम्प्युटर बल्बचा लोड मोजतो, त्याच्या वायरीवर जादा बल्ब टांगले की त्याचा हिशेब बिघडतो, ती भानगड मिटली. बॅटरीपाशीच १५ अँपियरचा फ्यूज, सगळे जोड क्रिंप करून (दाबून) वर हीटश्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी). सात पिनीचा हिशेब ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थिंग, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. ती पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. ऑगस्टचा अख्खा पाऊस त्यावर गेला, एक बल्ब बंद नाही. जांबोटी कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको.

ओढायला गाडी कशी? ३०० न्यूटन मीटरच्या डिझेलला टिलर मागं आहे हे चढावर पण फारसं कळत नाही. कळतं ते उतारावर. ट्रेलरला ब्रेक नाही, म्हणून तिसरा गिअर टाकायचा आणि मागच्याला काय हॉर्न मारायचे ते मारू द्यायचे. पहिल्या दिवशी टिलर घाईत उलटा चढवला, इंजिनचं वजन ट्रेलरच्या शेपटाकडं, आणि पिरनवाडीच्या पुढं साठला गेलो तर ट्रेलर कुत्र्यासारखा शेपूट हलवायला लागला. ब्रेक मारला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला, म्हणून वाचलो. आता पुढच्या टोकाखाली लाकूड आणि त्याखाली घरचा वजनकाटा ठेवून मोजतो, साडेसहाशेला बॉलवर पन्नासेक किलो आलं की गाडी आणि ट्रेलर दोन्ही गप जातात. एक बारीक त्रास म्हणजे थारचा मागचा दरवाजा स्टेपनीसकट बाजूला उघडतो तो ट्रेलरच्या जॅकच्या हँडलला आपटतो. हँडल खाली वळवून ठेवायला शिका, माझ्या पेंटला ओरखडा आलाच.

बाकी ॲक्सेसरीज पटापट. एटी (ऑल टेरेन) टायर घेतले, चिखलात फरक जमीन अस्मानाचा, हायवेवर आवाज आहे, गाणी मोठ्यानं लावायची. हवेचा कंप्रेसर घ्याच, पण बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, सिगारेट सॉकेटवर माझा दोनदा फ्यूज गेला. १२० वॅटची लाइटबार घेतली होती, शेतावर सोडून कुठं लावायची, विकली. स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून ओढायची नळी) लाव म्हणून मित्र मागं लागलाय. कंपनीच ६५० मिलीमीटर पाणी चालतंय म्हणते, त्याहून खोल पाण्यात मी कशाला जाऊ, मासे धरायला? पुढचा लोखंडी बुलबार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्रानंच बंद केलाय, तरी लावून देणारे आहेत, लावू नका.

एक मात्र लक्षात ठेवा, हिचचा बॉल फसलेली गाडी ओढायला नाही. ऊस सुरू झाल्यावर एक ट्रॉलीवाला शेताच्या वाटेत फसलेला, मला बघून खुश, साखळी घेऊनच पळत आला, "घाला ओ त्या गोळ्यात!" त्याला म्हटलं दादा, तुझा दहा टनाचा ऊस, हा गोळा तुटून सुटला तर काच फोडून माझ्या टाळक्यात बसेल. तो रुसला. त्याच्या मागं अडकलेली ओम्नी मात्र काढून दिली, बॉल काढून हिचच्या चौकोनी नळीत शॅकलचा ब्लॉक घालून, ४.७५ टनी शॅकल (दोरी अडकवायची लोखंडी कडी), कायनेटिक (ताणली जाणारी) दोरी, दोरीवर भिजलेलं पोतं, आणि लो रेंज (फोर बाय फोरचा हळू, ताकदीचा गिअर). ओम्नी बाहेर आली तशी आतल्या आजींनी खिडकीतून शेंगदाण्याचा लाडू दिला.

किटला पाचपैकी तीन. लोखंडाला पाच दिले असते, बोल्ट आणि बॉलनं दोन घालवले. कंपनीला दोन मेल टाकले, उत्तर म्हणून डिस्काउंट कूपन आलं.

हां, आणि ट्रेलर नसताना बॉल काढून ठेवा म्हणतात, मी ठेवत नाही, त्यामुळं अंधारात दोनदा नडगी फुटली. तिसऱ्यांदा आईची फुटली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बॉलवर नारळाची करवंटी पालथी घातलेली, वर लाल रिबन. बरोब्बर बसलीय, व्हर्नियर पण लागला नाही.