एनपीआयव्ही, दहा महिन्यांनंतर: 'बी' पत्ते झोनमध्ये आहेत का ते आधी बघा

एनपीआयव्ही म्हणजे स्टोरेजला जोडणाऱ्या फायबर चॅनल कार्डाच्या एकाच पोर्टवर अनेक व्हर्च्युअल मशीनांना स्वतंत्र पत्ते वापरू देणारी सोय. एप्रिलमधली गोष्ट. लातुरात बाहेर ४१ अंश, मोंढ्यात हरभऱ्याची आवक जोरात, आमच्या बँकेच्या काउंटरवर आडत्यांची रांग, आणि आमच्या पहिल्या होस्टचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्या सर्व्हरचा, पंखा खडखडायला लागला. म्हटलं, लाइव्ह मायग्रेशननं, म्हणजे बंद न करता, मशीन दुसऱ्या होस्टवर सरकवू आणि पंखा बदलू. मायग्रेशन फेल. पुन्हा केलं, पुन्हा फेल. शेवटी मशीन बंद करावं लागलं. चाळीस मिनिटं लोक ताटकळले, त्यात पेन्शनवाली म्हातारी माणसंही होती. ते मला अजून लागतं.

सेटअप करून देणाऱ्या पुरवठादाराचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "सर, कार्डं जुनी झालीत, नवीन घ्या." संध्याकाळी दोन नव्या एचबीएचं (म्हणजे स्टोरेजला जोडणाऱ्या याच कार्डांचं) कोटेशन मेलवर हजर! कार्डं ८ गिगाबिटची, सेकंडहँड, हे खरं. पण मी स्वतः पारखून घेतलेली. तरी त्या रात्री एनपीआयव्हीच्या नावानं मीही बोटं मोडलीच.

मग झोनिंग, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या स्टोरेजशी बोलू शकतो हे ठरवणारी स्विचवरची यादी, उघडून बसलो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीत (आमची व्हर्च्युअल मशीनं यावर चालतात) २०१२ पासून एनपीआयव्हीची सोय आहे आणि त्यात प्रत्येक व्हर्च्युअल एचबीएला पत्त्यांचे दोन संच असतात, ए आणि बी. मशीन एकावर चालतं. मायग्रेशनच्या वेळी दुसरा होस्ट उरलेल्या संचानं स्टोरेजवर लॉगिन करतो, त्याला डिस्क दिसली की मगच पहिला सुटतो. पण स्विचच्या यादीत लॉगिन झालेलेच पत्ते येतात. इंजिनिअरनं दिसले तेवढे माउसनं निवडले, म्हणजे नुसते ए. बी कधी लॉगिनच झाला नव्हता, तो दिसणार कुठून?

आमची मशीनं सहा, प्रत्येकाला दोन व्हर्च्युअल एचबीए, म्हणजे बी पत्ते बारा. सगळे सी००३एफएफनं सुरू होणारे, १६ अंकी. झोनमध्येही घालायचे आणि स्टोरेजच्या होस्ट यादीतही. सहकारी मोठ्यानं वाचत होता, मी टाइप करत होतो. एके ठिकाणी ८ च्या जागी 'बी' हे अक्षर पडलं होतं, ते शोधण्यात पाऊण तास गेला. पहाटे मायग्रेशन केलं. मशीन गेलं आणि परतही आलं. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पार बदललं. एका भौतिक पोर्टवर सहा मशीनं, प्रत्येकाचा स्वतंत्र पत्ता, ज्याची डिस्क त्यालाच दिसते. प्रत्येक मशीनला वेगळं कार्ड घ्यायचं तर आमच्यासारख्या बँकेला परवडलंच नसतं. बॅकअपचा सर्व्हर लिनक्सवर आहे. तिथं हातानं बनवलेला व्हीपोर्ट (व्हर्च्युअल पोर्ट) रीबूटनंतर उडतो, तो परत उभा करणारी स्क्रिप्ट लावून ठेवा.

परभणीच्या मित्रानं विचारलं, स्विचचे पैसे वाचवून कार्ड थेट स्टोरेजला जोडता येईल का? नाही जमत. जास्तीच्या पत्त्यांचं लॉगिन स्विचच करून घेतो आणि त्यावर एनपीआयव्ही चालू असावं लागतं. तिथं काटकसर करू नका.

आणि पुरवठादाराचं बिल पास करण्याआधी प्रत्येक मशीन समोर बसून जाऊन-परत फिरवून घ्या, एकही न सोडता.