पंपासोबत टॉर्च की पोळ्याचा लकी ड्रॉ?

दारव्ह्याच्या दुकानदार भाच्यानं विचारलं, "मामा, फवारणी पंपाच्या खरेदीवर टॉर्च फुकट देऊ की पोळ्याला लकी ड्रॉ काढू?"

खर्चात ड्रॉ स्वस्त, बक्षीस एकच. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 विक्री वाढवण्यासाठीची सोडत अनुचित व्यापार प्रथेत धरतो. नियमांनी मुभा दिली असेल तरच चालते. निकाल न सांगणंही त्यातच येतं. बंडीच्या खिशात कूपनाची घडी जपणाऱ्या शेतकऱ्याला नंबर कोणाचा लागला हे कळलंच पाहिजे.

टॉर्चचं सोपं आहे. फक्त पंपाची किंमत शंभरानं वाढवून ‘टॉर्च फुकट’ लिहू नको, तीही अनुचित प्रथाच. साठा संपेपर्यंतच देणार असशील तर पाटीवर ठळक लिही.

रोजच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला टॉर्चच बरी. नवी गर्दी खेचायला ड्रॉच हवा असेल, तर आधी वकील गाठ.