आठ महिने बस-मेट्रो-बस करून झालेला अनुभव

आठ महिने झाले, ऑफिसला स्वतःची गाडी नेणं बंद केलंय. आधी बस, मग मेट्रो, मग स्टेशनपासून पुढे नेणारी छोटी फीडर बस. मेट्रोबद्दल तक्रार नाहीच, वेळेवर येते, स्वच्छ असते. जे काही बरंवाईट होतं ते एकातून उतरून दुसरी पकडताना होतं.

पहिले तीन महिने जवळपास रोज हेच, मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आणि समोरून फीडर सुटतेय, हात केला तरी थांबत नाही. पुढची 20 मिनिटांनी. म्हणजे मेट्रोत वाचलेला सगळा वेळ स्टॉपवर उभं राहून जायचा, त्यात पाऊस असला आणि वर छप्पर नसलं की विचारूच नका. मग एक दिवस फीडरची वेळ 5 मिनिटं पुढे सरकवली. नवीन बस नाही, नवीन रस्ता नाही, नुसती वेळ बदलली आणि रोजची 15 मिनिटं वाचायला लागली, शिवाय ती धाकधूक गेली ते वेगळंच.

एकमेकींशी अशा वेळा जुळवणं स्वित्झर्लंडनं 1982 पासून देशभर केलंय, गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला. मोठ्या स्टेशनांत गाड्या काही मिनिटांच्या अंतरानं एकापाठोपाठ येतात, लोक फलाट बदलतात, मग त्या सुटतात. 2004 मध्ये नवीन मार्ग टाकून झुरिक ते बर्न हा रेल्वेप्रवास तासाच्या आत आणला तोही मुख्यतः पुढची गाडी गाठता यावी म्हणून. मला हे फार पटतं, कारण नुसता वेग वाढवून माझ्यासारख्याचं काही भलं होत नाही.

तिकिटाचं कार्ड एकच आहे, पण गाडी बदलली की भाडं परत पहिल्यापासून. हे चूकच आहे.

आईला घेऊन गेलो तेव्हा मात्र जीव तुटला. तिचे गुडघे दुखतात, आणि लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. त्या पिवळ्या उठावाच्या फरश्या असतात ना, जपानच्या सेइइची मियाकेंनी 1965 मध्ये अंध लोकांसाठी शोधलेल्या, त्या स्टेशनात छान आहेत पण बाहेर पडलं की संपतात, बसस्टॉप अजून पन्नास पावलं पुढे. दिसत नसलेल्या माणसानं तिथून कुठे जायचं?

तरी मी सोडणार नाहीये. फक्त शेवटची फीडर दहाला जाते आणि मेट्रो अकरापर्यंत असते, त्यामुळे उशीर होणार असला की त्या दिवशी अजूनही स्वतःची गाडीच काढावी लागते.